कुंपणावरून पळणाऱ्या कोंबड्यांचा बंदोबस्त: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

परसात पहिल्यांदा कोंबड्या आणल्या की थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास पडतो: एवढी जाळी लावलीये, तरी ही बया पलीकडे गेली कशी? मग जाळी वाढवायची. ४ फुटांची ५ होते, ५ ची ६ होते, आणि तीच कोंबडी सकाळी पुन्हा शेजारच्या वाफ्यात माती उकरत असते. या सगळ्यातून मी गेलो आहे, म्हणून आधीच सांगतो: जाळी किती उंच हवी हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. त्याआधी ती कुठून उडते, कशावर जाऊन टेकते आणि मुळात जाते कशाला, हे शोधा.

कोंबडीला उडता येतं, पण थोडंसंच. तिच्या छातीचे स्नायू बहुतेक पांढऱ्या तंतूंचे असतात. त्यांना क्षणात जोर लावता येतो, पण ते लगेच दमतात. त्यामुळे ती जागेवरून वर उसळते, हवेत टिकून मात्र राहू शकत नाही. कुंपण ती सहसा एका झेपेत ओलांडत नाही. आधी वरच्या काठावर जाऊन बसते, तोल सावरते, पलीकडे काय आहे ते बघते आणि मग खाली उतरते. म्हणजे तिला वर पाय रोवायला जागा लागते. पुढच्या बऱ्याच युक्त्या या एकाच गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

काय काय लागेल

- षटकोनी कोंबडी-जाळी किंवा चौकोनी वेल्डमेश; खालच्या दीड-दोन फुटांसाठी अर्धा इंच भोकाची बारीक जाळी
- खांब, बाइंडिंग तार, यू-खिळे, पक्कड, तार कापायची कात्री, जाड हातमोजे
- वरून टाकायचं असेल तर नायलॉनचं हलकं जाळं
- पंखांसाठी धारदार कात्री, जुना टॉवेल, कॉर्नफ्लोअर, टॉर्च आणि धरायला दुसरं माणूस
- पायात घालायची रंगीत कडी
- घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आत मूठभर दाणे

कागदोपत्री काम फार नसतं, पण ते आधी उरका. तुमच्या भागात परसात कोंबड्या पाळायला परवानगी आहे का, किती पाळता येतात, कोंबडा चालतो का आणि कुंपणाच्या उंचीला काही मर्यादा आहे का, हे स्थानिक कार्यालयात विचारून घ्या. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी असू द्या. कुंपणाची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल, तर खिळा ठोकण्याआधी त्याच्याशी बोला. कोंबडी त्याच्याकडे जाणारच आहे, तेव्हा संबंध गोड असलेले बरे.

१. आधी नुसतं बघा

खुराडं उघडल्यानंतरचा पहिला तास आणि तिन्हीसांजेच्या आधीचा तास, या दोन वेळी लांब बसून लक्ष ठेवा. हातात दाणे घेऊन बसू नका, नाहीतर सगळ्या तुमच्याच पायांशी घोळतील आणि कुंपणाकडे कुणी फिरकणारही नाही.

उडायच्या बेतात असलेली कोंबडी ओळखू येते. ती कुंपणाच्या बुडाशी येऊन थांबते, मान एका बाजूला कलती करते आणि एका डोळ्याने वरचा काठ निरखते. मग मान दुसरीकडे वळवून दुसऱ्या डोळ्याने तेच करते. चार पावलं इकडे, चार तिकडे. पुन्हा त्याच जागी येते, पाय दुमडून खाली दबते, आणि मग फडफड. ती जागा लक्षात ठेवा. प्रत्यक्ष उडताना दिसली नाही तर खुणा शोधा: काठावर पडलेली विष्ठा, तारेच्या टोकात अडकलेलं पीस, भिंतीवर चिखलाचे पाय.

पळणारी बहुधा एखाद-दुसरीच असते. तिच्या पायात रंगीत कडी घाला, म्हणजे सगळ्यांना एकच औषध द्यायची वेळ येणार नाही. आणि हो, तुम्हाला वाटतं ती वरून जाते, पण कधीकधी ती फाटकाखालच्या फटीतून आरामात चालत गेलेली असते.

२. कोंबडी किती हलकी, यावर उंची ठरवा

लेगहॉर्न, अँकोना, हॅम्बर्ग यांसारख्या हलक्या जाती, बहुतेक बँटम (म्हणजे ठेंगण्या, लहान चणीच्या कोंबड्या) आणि सडपातळ गावठी कोंबड्या ५-६ फुटांवर सहज जातात. ऱ्होड आयलंड रेड किंवा प्लायमथ रॉक यांसारख्या मध्यम अंगाच्या कोंबड्यांना ५ फूट बहुधा पुरतात. ऑर्पिंग्टन, ब्रह्मा, कोचीन या जड जातींसाठी ४ फूटही पुष्कळ झाले. सिल्कीला तर उडताच येत नाही. तिच्या पिसांचे धागे एकमेकांत गुंतत नाहीत, त्यामुळे पंखाखाली हवा धरलीच जात नाही.

जातीपेक्षाही वयाकडे बघा. अंड्यावर न आलेल्या तलंगा सगळ्यात उनाड. अंगाने हलक्या, पिसं नवी, आणि खुराड्यातल्या थोरल्या कोंबड्या त्यांना टोचत असतात. अंड्यावर आल्यावर आणि अंग भरल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणी आपोआप जमिनीवर येतात. तेव्हा ४ महिन्यांच्या तलंगेसाठी घाईघाईने मोठा खर्च करू नका.

३. चढायच्या पायऱ्या हलवा

६ फुटांच्या जाळीला लागून ३ फुटांचा लाकडांचा ढीग असेल, तर कोंबडीसाठी ती जाळी ३ फुटांचीच आहे. खुराड्याचं छप्पर, कंपोस्टचा ढीग, पालथी बादली, पाण्याची टाकी, झाडाची आडवी फांदी हे सगळं कुंपणापासून निदान ५-६ फूट आत घ्या. फांदी छाटून टाका. खुराडंच कुंपणाला चिकटून बांधलेलं असेल आणि हलवता येत नसेल, तर त्याच्या छपरावर बसताच येणार नाही अशी तिरकी जाळी ठोका.

कुंपणाबाहेरचंही बघा. पलीकडे शेजाऱ्याने उभी केलेली हातगाडी किंवा ओणवं झाड असेल, तर तिला उतरायला आयती जागा मिळते.

४. वरचा काठ बसण्याजोगा ठेवू नका

माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून लोक वर लाकडी पट्टी किंवा पाइप आडवा ठोकतात. कोंबडीला खालून तो स्पष्ट दिसतो, आणि त्यावर तिची बोटं मस्त बसतात. तो काढून टाका. जाळी ताणून ठेवायला आडवा आधार लागणारच असेल, तर तो १ ते दीड फूट खाली बांधा आणि त्याच्या वरची जाळी मोकळी, ढिली सोडा. कोंबडी वर पोचली तरी जाळी तिच्या वजनाने वाकते, तोल जातो आणि ती आतच पडते. एकदोनदा असं झालं की ती त्या बाजूचा नाद सोडते.

दुसरा मार्ग म्हणजे वरची फूट-दीड फूट जाळी आतल्या बाजूला ४५ अंशांत झुकवणं. खालून उसळलेली कोंबडी त्या जाळीच्या पोटाला जाऊन अडते. मात्र ही झुकवणी आतल्याच बाजूला हवी. बाहेर झुकवलेली जाळी बाहेरून चढणाऱ्या प्राण्याला अडवते, तुमच्या कोंबडीला नाही.

भिंत असेल तर काम अवघड, कारण भिंतीचा माथा रुंद आणि सपाट असतो. तिथे माथ्यावर लोखंडी पट्ट्या उभ्या करून मोकळी जाळी चढवा, किंवा तारेत ओवलेला प्लास्टिकचा पाइप माथ्याच्या वर ३-४ इंचांवर असा ताणा की पाय ठेवताच तो गरकन फिरेल. खांबांची टोकं विसरू नका. जाळी मोकळी सोडून खांब मात्र हात हात वर आलेले असतात आणि कोंबडी थेट खांबावर जाऊन बसते. खांब जाळीपेक्षा आखूड कापा.

काटेरी तार, खिळे, काचा मात्र अजिबात नकोत. कोंबडी ते बघून माघारी फिरत नाही, त्यावर जाऊन पडते. तळपायाला झालेली छोटी जखमसुद्धा पिकून गाठ होते, आणि ती बरी करणं कुंपण दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी किचकट.

५. खालची बाजू आणि फाटक

जाळीचा खालचा काठ जमिनीला टेकलेला हवा. १ फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून त्यावर दगड-माती टाका. गवत उगवलं की ती दिसतही नाही. यामुळे कोंबडी उकरून बाहेर जात नाही आणि कुत्रा किंवा मुंगूस उकरून आत येत नाही. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याच्या दाताला ती टिकत नाही आणि पिल्लं तिच्या भोकांतून निसटतात, म्हणून खाली बारीक जाळी. फाटकाला स्प्रिंग लावा, म्हणजे हातात पाण्याची बादली असतानाही ते आपोआप लागेल.

६. ती जाते कशाला?

आतापर्यंतचं सगळं करूनही एखादी जात असेल, तर तिला आत काहीतरी कमी पडतंय. कारणं ठरलेली असतात, एकेक तपासा.

जागा: मोकळ्या आवारात एका कोंबडीमागे निदान १० चौरस फूट असू द्या, जास्त मिळाली तर उत्तम. जागा कमी पडली की जमीन उकरून उकरून नागडी होते. गवत नाही, किडा नाही, आणि जाळीपलीकडे हिरवंगार दिसतंय, मग कोण थांबेल? आवाराचे दोन भाग करून आलटून पालटून वापरता आले तर गवत पुन्हा धरतं. ते जमत नसेल तर वाळका पाला, गवताचा कचरा आत टाकत जा. त्यात उकरण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो.

धूळ: कोंबड्या मातीत लोळून अंग साफ ठेवतात. आवार सतत ओलं असेल तर त्या कोरडी माती शोधत बाहेर जातात. एखाद्या छपराखालच्या कोपऱ्यात कोरडी माती आणि वाळू भरून ठेवा.

अंडी घालायची जागा: एखादी कोंबडी रोज ठरावीक वेळी गायब होते, तासा-दोन तासांनी परत येते आणि खुराड्यात अंडं सापडत नाही, तर ती बाहेर चोरून अंडी घालतेय. ३-४ कोंबड्यांमागे फूटभर लांब-रुंद एक खोका, आडोशाला, अंधारा, आत कोरडं गवत, एवढं हवं. खोक्यात एक खोटं अंडं ठेवा. आणि काही दिवस तिला दुपारपर्यंत आतच कोंडा, बहुतेक कोंबड्या तोवर अंडं घालून मोकळ्या होतात.

टोचाटोची: कळपाच्या उतरंडीत खालच्या पायरीवरच्या कोंबडीला दाण्याजवळ कुणी येऊ देत नाही. तिला पळून जाण्यावाचून उपायच नसतो. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, एकमेकींपासून दिसणार नाहीत अशी. कोंबडे जास्त आणि कोंबड्या कमी असतील तरी हाच प्रकार होतो; पाठीवरची पिसं उडालेली कोंबडी दिसली की कारण कळतं.

रात्रीची जागा: संध्याकाळी कोंबडी खुराड्याकडे न जाता कुंपणावर किंवा झाडावर चढत असेल, तर खुराड्यात शिरून बघा. बसायची दांडी फार खाली आहे का? प्रत्येकीला ८-१० इंच जागा मिळते का? आणि रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या सांध्यांत, फटींत पाहा. तांबड्या गोचिड्या दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. अशा खुराड्यात कोंबडी मुळीच झोपणार नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. कोंबड्यांचे पूर्वज, म्हणजे रानकोंबडे, रात्री झाडावरच बसतात. खुराडं आवडलं नाही की या तेच करतात.

कोंबड्या नुकत्याच आणल्या असतील तर पहिले आठ-दहा दिवस त्यांना खुराड्यातच ठेवा. हे घर आपलं, हे डोक्यात बसायला तेवढा वेळ लागतो. नंतर सुरुवातीला अंधार पडायच्या तासभर आधीच सोडा. लांब जायला वेळ उरत नाही, आणि उजेड कमी होताच त्या आपण होऊन आत येतात.

७. पंख कापणं

लोक पहिल्याच दिवशी कात्री काढतात. मी हा उपाय इतक्या खाली ठेवलाय कारण पंख कापलेल्या कोंबडीला कुत्र्यामांजरापासून वाचायचं साधन राहत नाही. आवार सगळीकडून बंदिस्त असेल तरच करा. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचे पंख कापू नका.

नीट कापलं तर दुखत नाही, नखं कापण्यासारखंच. पण कुठे कापायचं हे कळलं पाहिजे.

अंधार पडल्यावर कोंबडी दांडीवरून उचला, तेव्हा ती शांत असते. धरणाऱ्याने तिला टॉवेलात गुंडाळून काखेत घ्यावं आणि एकच पंख बाहेर काढावा. पंख अलगद पूर्ण पसरवा. टोकाकडची लांब, टणक १० पिसं वेगळी ओळखू येतात. त्यानंतर एक आखूड पीस येतं आणि मग अंगाकडची रुंद पिसं सुरू होतात. कापायची ती फक्त टोकाकडची १०. त्यांच्या मुळांवर छोट्या पिसांची एक ओळ झाकण घातल्यासारखी असते. त्या ओळीच्या जराशा बाहेर, एका रेषेत कापत जा. ओळीच्या आत कात्री न्यायची नाही.

कापण्याआधी प्रत्येक पिसाचा देठ टॉर्चच्या उजेडात बघा. वाढ पूर्ण झालेल्या पिसाचा देठ कोरडा, पोकळ आणि पांढरट असतो. नवं पीस येत असेल तर देठ जाड, मऊ, निळसर-तांबूस दिसतो आणि त्यावर पातळ आवरण असतं. त्यात रक्त वाहत असतं. असं पीस सोडून द्या, भरलं की नंतर कापा. काळ्या कोंबडीचे देठ मुळातच गडद असतात, त्यामुळे टॉर्च पंखाच्या मागून धरावा लागतो. शंका आली की कापू नका.

चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर लावून बोटाने काही मिनिटं दाबून धरा आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत तिला इतरांपासून लांब ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात. थांबत नसेल तर पशुवैद्याकडे न्या.

कापायचा तो एकच पंख. दोन्ही कापले की तोल पुन्हा सारखा होतो आणि काही चलाख कोंबड्या तेवढ्या बळावरही बऱ्यापैकी उसळतात. एकच कापला की उडताना ती एका बाजूला कलंडते. पहिले दोन दिवस धडपडेल, नंतर सवय होते. दांडी उंच असेल तर ती थोडी खाली घ्या किंवा मध्ये एक पायरी द्या, म्हणजे सकाळी उतरताना ती आपटणार नाही.

हा उपाय कायमचा नाही. मोठ्या कोंबडीची पिसं साधारण वर्षातून एकदा झडून नवी येतात, त्यानंतर पुन्हा कापावी लागतात. वाढत्या पिल्लांची पिसं मोठं होईपर्यंत अनेकदा बदलतात, त्यामुळे त्यांचे पंख कापण्यात अर्थच नाही. पंखाचं टोक सांध्यातून तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती शस्त्रक्रिया आहे, आणि तुटलेलं परत येत नाही.

८. वरून जाळं

हलक्या जातीच्या पाच-दहा कोंबड्या आणि छोटं आवार असेल तर सरळ वरून जाळं टाका, बाकीची कटकट संपते. घारीपासूनही संरक्षण मिळतं. जाळं डोक्यावर लागणार नाही इतकं उंच घ्या, कारण आत वाकून झाडलोट करायचा कंटाळा आला की झाडलोटच होत नाही. मध्ये आडव्या तारा ताणा, नाहीतर ते लोंबतं आणि पावसात पाला साचून फाटतं. सैल लोंबणाऱ्या जाळ्यात कोंबडीचा पाय किंवा रानपाखरू अडकू शकतं, म्हणून रोज एकदा वर नजर टाका.

९. निसटलीच तर

मागे धावू नका. धावलात की ती आणखी लांब जाते, आणि शेजाऱ्याची करमणूक होते ती वेगळी. दाण्यांच्या डब्याची सवय आधीपासून लावून ठेवा: रोज संध्याकाळी डबा वाजवायचा आणि मगच दाणे टाकायचे. थोड्या दिवसांत नुसत्या आवाजावर त्या धावत येतात. बाहेर गेलेल्या कोंबडीला वरून उडवून आणायचा प्रयत्न करू नका, फाटक उघडून डबा आत वाजवा. बाकीच्या खायला लागल्या की तिला बाहेर राहवत नाही.

डब्यानेही आली नाही तर अंधार पडू द्या. ती जवळच कुठेतरी बसलेली असते आणि अंधारात तिला फारसं दिसत नाही. टॉर्च थेट डोळ्यांवर न मारता मागून जा, दोन्ही पंख अंगाशी दाबून दोन्ही हातांनी उचला. पाय धरून उलटी लटकवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर जिथे घुटमळत होती तो कोपरा तपासा. झुडपाखाली अंड्यांचा ढीग सापडला तर ती किती दिवसांची हे सांगता येत नाही, म्हणून खाण्यात घेऊ नका. पाण्यात तरंगणारं अंडं जुनं हे खरं, पण बुडालेलं अंडं चांगलंच असतं असं नाही. सगळी उचला, ती जागा फांद्या टाकून बंद करा, आणि त्याच दिवशी खोक्यातलं गवत बदलून त्यात खोटं अंडं ठेवा.